अनगोळच्या बाजूने लिमरिकची साक्ष

बेळगावच्या दक्षिणेला अनगोळ. एके काळी शिवाराच्या कडेचं गाव, आज महानगरपालिकेच्या हद्दीतलं उपनगर. एका बाजूला उद्यमबागेतले फौंड्रीचे कारखाने, दुसऱ्या बाजूला वडगाव-येळ्ळूरकडे पसरलेली भाताची जमीन. सुगी आटोपली, मसूर-वाटाणा घरात आला की या पट्ट्यात कुस्तीची मैदानं भरू लागतात. अनगोळ, येळ्ळूर, कंग्राळी, सांबरा, मुचंडी. गावं बदलतात, पण बघणारी माणसं बरीचशी तीच असतात. मैदान उठलं की काही दिवसांत एक युक्तिवादही ठरल्याप्रमाणे ऐकू येतो. ही गर्दी खरी नव्हे, ती फुकट बघायला जमलेली जत्रा आहे, असं सांगितलं जातं. खेळ वाढवायचा तर आधी आंतरराष्ट्रीय दर्जाचं मोठं स्टेडियम पाहिजे, खुर्च्या पाहिजेत, तिकीट पाहिजे. मग प्रेक्षक आपोआप तयार होईल. पुराव्यादाखल युरोपकडे बोट दाखवलं जातं. तिथल्या क्लब रग्बीने स्टेडियमं वाढवली आणि गर्दीचे विक्रम मोडले, मग सीमाभागानं ते का करू नये?

ऐकायला हे पटण्यासारखं आहे. बोलणाऱ्यांचा हेतूही बहुतेकदा चांगलाच असतो. पण कारण आणि परिणाम यांची इथे अदलाबदल झाली आहे. ज्या युरोपची साक्ष काढली जाते, तो युरोपच या म्हणण्याच्या विरुद्ध साक्ष देतो. ती नीट ऐकून घेतली तर अनगोळची बाजू भक्कम होते.

लिमरिकपासून सुरुवात करू. आयर्लंडच्या पश्चिमेला शॅनन नदीकाठी वसलेलं, लाखभर वस्तीचं हे शहर. डब्लिनमध्ये रग्बी हा महागड्या शाळांचा खेळ मानला जातो, तर लिमरिकमध्ये तो गोदीतल्या हमालांचा आणि कारखान्यांतल्या कामगारांचा. गॅरीओवेन, शॅनन, यंग मन्स्टर हे तिथले जुने क्लब, आणि तिन्ही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत जन्मलेले. कुठला माणूस कुठल्या क्लबाचा, हे तो कुठल्या वस्तीत वाढला यावरून ठरतं. कोल्हापुरात एखाद्याची पेठ कळली की तालीम कळते, तसंच. या वस्त्यांतले खेळाडू मन्स्टर प्रांताच्या संघात जातात आणि तो संघ थॉमंड पार्कवर खेळतो.

३१ ऑक्टोबर १९७८ या दिवशी याच मैदानावर मन्स्टरने न्यूझीलंडच्या ऑल ब्लॅक्सना १२-० असं हरवलं. त्या दिवशी तिथे बारा हजारांच्या आसपास माणसं होती. मैदान साधं होतं, बरेचसे लोक उभ्यानेच बघत होते. आजच्या कुठल्याही 'आंतरराष्ट्रीय दर्जा'च्या कसोटीला ते उतरलं नसतं. पुढे २००६ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये मन्स्टर युरोपचा विजेता झाला. थॉमंड पार्कचा कायापालट पूर्ण झाला तो त्यानंतर. नवं मैदान २००८ च्या अखेरीस खुलं झालं, पंचवीस हजारांहून थोडं जास्त क्षमतेचं. म्हणजे आधी शंभर वर्षं वस्त्यांचे क्लब, मग त्यांतून उभा राहिलेला संघ, मग त्या संघामागे देशोदेशी फिरणारे पाठीराखे, आणि सर्वांत शेवटी सिमेंट-लोखंड. एवढं करूनही त्या बांधकामाच्या कर्जाचं ओझं मन्स्टरला पुढे कित्येक वर्षं वाहावं लागलं, आणि आठवड्याच्या साध्या सामन्याला ते मैदान भरतंच असं नाही. ज्यांच्याकडे जगातला सर्वांत निष्ठावान प्रेक्षक होता त्यांनाही वाढीव खुर्च्या जड गेल्या. ज्यांच्याकडे तो अजून तयार व्हायचा आहे त्यांनी तर दहा वेळा विचार करायला हवा.

थॉमंड पार्कचा एक रिवाज सांगण्याजोगा आहे. खेळाडू चेंडू जमिनीवर ठेवून गोलखांबांमधून मारण्यासाठी सज्ज झाला की सगळं मैदान गप्प होतं. खेळाडू आपला असो वा पाहुण्यांचा, पंचवीस हजार माणसं श्वास रोखून बसतात. लहान पोरानं आवाज केला तर शेजारचा अनोळखी माणूस त्याला दटावतो. ही शिस्त कुठल्याही वास्तुविशारदाला नकाशात काढता येत नाही. बापाच्या खांद्यावर बसून सामना बघितलेल्या पोरांनाच ती येते.

फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरचं ला रोशेल हे शहर लिमरिकहूनही लहान. लोकसंख्या ऐंशी हजारांच्या आतबाहेर. तिथलं मैदान मार्सेल देफ्लांद्र यांच्या नावाचं आहे. ते क्लबाचे अध्यक्ष होते आणि नाझी अंमलाविरुद्धच्या प्रतिकारात भाग घेतल्याबद्दल १९४४ मध्ये जर्मनांनी त्यांना गोळ्या घालून मारलं. २०१४ मध्ये हा क्लब फ्रान्सच्या वरच्या गटात परतला. २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन वर्षं तो युरोपचा विजेता ठरला, दोन्ही अंतिम सामन्यांत डब्लिनच्या बलाढ्य लेन्स्टरला हरवून. अशा क्लबाला चाळीस हजारांच्या नव्या स्टेडियमचा मोह सहज झाला असता. त्यांनी जुन्याच जागी, शहरातच, बाजू एकेक करून वाढवल्या. क्षमता आजही सतरा हजारांच्या आत आहे आणि मैदान सामन्यामागून सामना तुडुंब भरतं. तिकीट मिळत नाही म्हणून ते हवंसं वाटतं. आपली जागा गेली तर परत मिळायची नाही, या धाकानं माणूस पावसातही येतो. अर्धं रिकामं स्टेडियम प्रेक्षकाला नेमका उलटा संदेश देतं: आज नाही आलात तरी चालेल.

आता कव्हेंट्रीकडे वळू, कारण मोठ्या स्टेडियमच्या बाजूनं बोलणारे या गावाचं नाव घेत नाहीत. वास्प्स हा १८६७ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेला क्लब, इंग्लंड आणि युरोप दोन्हीकडे विजेता ठरलेला. छोट्या भाड्याच्या मैदानात पैसा सुटत नाही, हा त्याच्या मालकांचा हिशोब होता आणि तो कागदावर बरोबरही होता. म्हणून डिसेंबर २०१४ मध्ये क्लब उचलून लंडनपासून जवळपास दीडशे किलोमीटरवरच्या कव्हेंट्रीला नेला, बत्तीस हजारांहून जास्त खुर्च्यांच्या रिको अरेनात. पहिल्याच सामन्याला अठ्ठावीस हजारांवर माणसं आली. टाळ्या झाल्या, अग्रलेख झाले. पुढच्या वर्षी क्लबानं सामान्य गुंतवणूकदारांकडून रोख्यांद्वारे साडेतीन कोटी पौंड उभे केले. मे २०२२ मध्ये ते परत करायची वेळ आली तेव्हा पैसे नव्हते. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्लबाचं दिवाळं निघालं आणि खेळाडू-प्रशिक्षकांसह १६७ जणांची नोकरी एका सकाळी गेली. पहिल्या दिवशीची गर्दी कुतूहलाची होती. दीडशे वर्षं जमवलेला प्रेक्षक लंडनच्या बाजूला राहिला, आणि कव्हेंट्रीत तर शहराचा स्वतःचा जुना रग्बी क्लब आधीपासूनच होता.

त्याच हंगामात वूस्टर बुडालं, आणि २०२३ च्या जूनमध्ये लंडन आयरिश. तेरा क्लबांनी सुरू झालेली इंग्लंडची प्रीमियरशिप दहावर आली. लंडन आयरिश हा लंडनमधल्या आयरिश माणसांचा क्लब, पण वीस वर्षं तो रेडिंगच्या चोवीस हजार क्षमतेच्या फुटबॉल स्टेडियमात खेळला. सेंट पॅट्रिक दिनाच्या सामन्याला तिथे झुंबड उडायची. एरवी अर्ध्याहून जास्त खुर्च्या मोकळ्या. या क्लबांना बुडवण्यात करोनाचा वाटा होता, मालकांच्या चुकांचा होता, खेळाडूंच्या फुगलेल्या पगारांचा होता. हे सगळं मान्य. पण मोठ्या मैदानांनी त्यांना वाचवलं नाही, हेही त्याच हिशोबवहीत लिहिलेलं आहे.

मग ते विक्रम? २०१६ मध्ये फ्रान्सच्या लीगचा अंतिम सामना बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊवर झाला आणि ९९,१२४ माणसं आली. मे २००९ मध्ये मन्स्टर आणि लेन्स्टरच्या उपांत्य सामन्याला डब्लिनच्या क्रोक पार्कवर ८२,२०८. आकडे खरे आहेत आणि अभिमानानं सांगावेत असे आहेत. मात्र दोन्ही मैदानं रग्बीनं त्या दिवसापुरती मागून घेतलेली होती. पहिलं तर फ्रान्समध्ये युरो फुटबॉल स्पर्धा चालू असल्यामुळे घ्यावं लागलं. क्लबाची रोजची चूल अशा एका दिवसावर पेटत नाही.

क्रोक पार्कची गोष्ट तर मोठ्या स्टेडियमवाद्यांनी अजिबात सांगू नये. युरोपातल्या सर्वांत मोठ्या स्टेडियमांपैकी हे एक, ८२,३०० क्षमतेचं. ते ना फुटबॉलचं आहे ना रग्बीचं. ते आहे हर्लिंग आणि गेलिक फुटबॉलचं, आयर्लंडच्या मातीतल्या खेळांचं. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनचा पाया म्हणजे गावोगावचे चर्चच्या हद्दीनुसार बांधलेले क्लब. खेळाडूंना पगार नाही. शनिवार-रविवारी ऐंशी हजारांसमोर खेळलेला माणूस सोमवारी शाळेत शिकवायला किंवा गोठ्यात दूध काढायला जातो. गावात मैदान आखणारे, पोरांना शिकवणारे, चहा करणारे सगळे बिनपगारी. २००५ पर्यंत या मैदानावर रग्बीला परवानगीसुद्धा नव्हती. 'गावठी खेळ, फुकटी गर्दी' म्हणून ज्याची अनगोळमध्ये हेटाळणी होते, त्याच पायावर डब्लिनचं सर्वांत मोठं स्टेडियम उभं आहे.

इथे कोल्हापूरचं उदाहरण पुढे येतं, आणि ते टाळून चालणार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग आधी बांधलंच ना? १९०२ मध्ये ते सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपात गेले, रोममधलं प्राचीन प्रेक्षागार पाहून आले, आणि १९०७ ते १९१२ या काळात कोल्हापुरात कुस्तीचं ते भव्य मैदान उभं राहिलं. मध्ये मातीचा हौदा, भोवती चढत जाणारी गोलाकार बैठक. शेवटच्या माणसालाही दोन्ही मल्ल पायांपासून डोक्यापर्यंत दिसावेत अशी रचना. उद्घाटनाला इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची लढत. म्हणजे राजानं स्टेडियम दिलं आणि प्रेक्षक आला, असा निष्कर्ष काढता येईल.

काढता येईल, पण तो अर्ध्या इतिहासावरचा निष्कर्ष होईल. शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले. खासबागचं काम सुरू होईपर्यंतची तेरा वर्षं त्यांनी कुस्तीला काय दिलं ते पाहावं. तालमींना आश्रय दिला, मल्लांचा खुराक दरबारातून चालवला, उत्तरेतले नामांकित पैलवान कोल्हापुरात आणले, त्यांच्याशी लढायला इथली पोरं तयार केली. गल्लीबोळांत तालमी घुमत होत्या, घराघरात कुठल्या पैलवानाचा कुठला डाव पक्का यावर वाद होत होते. त्या वादांना बसायला जागा पुरेना, तेव्हा खासबाग झालं. आणि ते झालं कुठे? शहराच्या पोटात, अंबाबाईच्या देवळापासून पायी जाण्याच्या अंतरावर. शेजारीच पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. पेठेतला माणूस घरातून निघून चपला न झिजवता मैदानात पोहोचत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या नाट्यगृहाला आग लागली तेव्हा सबंध शहर रस्त्यावर येऊन का रडलं, याचं उत्तर या पायी चालण्याच्या अंतरात आहे.

कोल्हापूरच्या फुटबॉलचंही तेच. पाटाकडील (म्हणजे पीटीएम), खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं तालमींची आहेत. कुस्तीच्या तालमींनीच पुढे फुटबॉलचे संघ काढले. देशातल्या व्यावसायिक लीगचे संघ प्रेक्षक गोळा करायला जाहिरातदार नेमतात. शाहू स्टेडियमवर पीटीएम आणि खंडोबाचा सामना असला की जाहिरात लागत नाही, बंदोबस्त लागतो. तिथे हुल्लडबाजी होते, दगडफेक झाली आहे, सामने थांबवावे लागले आहेत, आणि याची लाज तालमींना वाटलीच पाहिजे. पण पेठेची ईर्ष्या काढून टाकली तर हुल्लडबाजीबरोबर फुटबॉलही जाईल. ईर्ष्येला शिस्त लावणं हे तालमीच्या वडीलधाऱ्यांचं काम आहे, आणि लिमरिकच्या शांततेनं ते शक्य असल्याचं दाखवून दिलं आहे.

आता अनगोळच्या 'फुकट्या' गर्दीकडे जवळून बघू. मैदानाच्या आदल्या आठवड्यात पत्रकं लागतात. त्यांवर एक नंबरची कुस्ती, दोन नंबरची, तीन नंबरची, जोड आणि इनाम. आणि खाली देणगीदारांची लांबलचक यादी. त्या यादीत कंत्राटदार असतो, तसाच किराणा दुकानदार, रिक्षावाला आणि गल्लीतलं युवक मंडळही असतं. कुणी रोख देतो, कुणी गदा देतो, कुणी पैलवानांच्या जेवणाचा भार उचलतो. शेतवाला जमीन देतो. माती चाळून, तेल-ताक-हळद-लिंबू घालून हौदा मळायला पोरं चार दिवस राबतात. मैदानाच्या दिवशी पुढच्या रांगा जमिनीवर मांडी घालून, त्यामागचे गुडघ्यावर, त्यामागचे उभे, आणि सर्वांत मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढलेले. हलगी-घुमकं-कैताळ सुरू झालं की पहिल्यांदा लहान पोरांच्या कुस्त्या. दहा वर्षांचं पोरगं जिंकलं की गर्दीतून वीस-पन्नासच्या नोटा त्याच्या हातात पडतात. त्या देणाऱ्यानं प्रवेशाचं तिकीट काढलेलं नसतं, हे खरं. त्यानं वर्गणी दिलेली असते, घाम दिलेला असतो आणि वर ही नोट दिलेली असते. ला रोशेलचा माणूस हंगामाचा पास काढून क्लबाशी जे नातं जोडतो, ते अनगोळचा माणूस वर्गणीच्या पावतीवर जोडतो. याला फुकटी गर्दी म्हणणाऱ्यानं त्या देणगीदारांची यादी एकदा शेवटपर्यंत वाचावी.

ही गर्दी जाणकारही आहे. पैलवान नुसते खडाखडी करत राहिले की पाचव्या मिनिटाला कुजबुज, दहाव्याला हुर्यो. नुरा कुस्ती असेल तर पंचांआधी मागच्या रांगेला कळतं. घिस्सा कुठे चुकला, ढाक मारायला पाय कुठे पाहिजे होता, यावर मैदान उठल्यावर चहाच्या गाड्यावर तासभर चर्चा चालते. १९७७ साली हरिश्चंद्र बिराजदारांनी दिल्लीच्या सतपालला हरवलं ते बेळगावातच, आणि ती कुस्ती न पाहिलेली पिढीसुद्धा तिच्याबद्दल पाहिल्यासारखी बोलते. असा प्रेक्षक तयार व्हायला तीन पिढ्या लागतात.

उलट बाजूला काय आहे? बेळगावात ऑटोनगरला कर्नाटक क्रिकेट संघटनेचं चांगलं मैदान आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये कर्नाटक आणि मुंबई यांचा रणजी सामना तिथे झाला. जून २०१९ मध्ये पुण्याच्या ऋतुराज गायकवाडनं श्रीलंका 'अ' संघाविरुद्ध तिथेच नाबाद १८७ धावा कुटल्या. खेळपट्टी उत्तम, हिरवळ उत्तम, आणि असं मैदान शहराला मिळालं याचा आनंदच आहे. पण अनगोळच्या पोराला तिथे जायचं तर अख्खं शहर ओलांडावं लागतं, आणि त्या मैदानावर त्याच्या गल्लीचा संघ कधी उतरत नाही. त्याच शहराच्या मध्यवस्तीत सरदार्स मैदानावर प्रकाशझोतात टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात तेव्हा कुंपणालगत उभं राहायला जागा शोधावी लागते, कारण तिथे शहापूर, वडगाव, टिळकवाडी, अनगोळ यांचे संघ एकमेकांना भिडतात. एकाच शहराचा, एकाच खेळाचा हा दाखला समोर असताना दूर कव्हेंट्रीला जायचीही गरज नव्हती.

पुण्याचं उदाहरण आणखी बोलकं. स्वारगेटजवळचं नेहरू स्टेडियम सोडून महाराष्ट्र क्रिकेट संघटना २०१२ मध्ये गहुंजेला गेली. महापालिकेशी तिकिटांच्या वाटणीवरून वाद होता, आणि संघटनेची बाजूही काही अगदी चुकीची नव्हती. द्रुतगती मार्गालगत सदतीस हजारांचं देखणं स्टेडियम झालं. प्रेक्षक कमी पडला नाही. पुणेकर क्रिकेटसाठी कुठेही जाईल. कमी पडलं ते पाणी. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीच्या पहिल्या सकाळी उन्हात बसलेल्या हजारो माणसांना प्यायला पाणी मिळेना आणि संघटनेला जाहीर माफी मागावी लागली. अनगोळच्या मैदानात पाण्याचा पिंप आणि वाटणारी पोरं ही पहिली सोय असते. मांडव त्याच्यानंतर.

आणि बंगळूरची ४ जून २०२५ ची दुपार कोण विसरेल? आदल्या रात्री आयपीएल जिंकलेल्या संघाचं कौतुक करायला चिन्नास्वामी स्टेडियमभोवती लाखोंचा लोंढा लोटला, आतली जागा पस्तीस हजारांची, आणि दारांवरच्या चेंगराचेंगरीत अकरा जणांचा जीव गेला. मोबाइलवरच्या एका आवाहनावर जमलेल्या त्या लोकांना रांगेत लावणारा, थांबवणारा ओळखीचा माणूस कुणीच नव्हता. गावच्या मैदानात ध्वनिक्षेपकावरून नाव घेऊन 'मागं सरका' म्हटलं की माणूस मागं सरकतो, कारण बोलणारा त्याच्या ओळखीचा असतो. सुरक्षिततेचा हा धागा मोठ्या बांधकामात पहिल्यांदा तुटतो.

याचा अर्थ आहे ते सगळं छान चाललंय असा नाही. मुलींच्या कुस्त्या आता मैदानांत लावल्या जातात, टाळ्याही पडतात. पण त्या मुलींच्या आयांना बसायला वेगळी, मोकळी जागा नसते आणि स्वच्छतागृह तर नसतंच. बांबू-फळ्यांच्या तात्पुरत्या गॅलऱ्या जीवघेण्या ठरू शकतात. मार्च २०२१ मध्ये तेलंगणातल्या सूर्यापेठ इथे राष्ट्रीय कनिष्ठ कबड्डी स्पर्धेत गॅलरी कोसळून शंभरावर माणसं जखमी झाली. अनेक मैदानांत जखमी पैलवानासाठी रुग्णवाहिका नसते. मुख्य कुस्ती लागेपर्यंत मध्यरात्र होते आणि पोरंबाळं असलेली कुटुंबं आधीच घरी जातात. मोठ्या स्टेडियमची मागणी करणारे या उणिवांवर बोट ठेवतात तेव्हा ते बरोबर असतात. पण प्रत्येक उणिवेवरचा उपाय गावातच, थोड्या पैशांत, लवकर होण्यासारखा आहे. पक्की स्वच्छतागृहं, उतारावर मातीच्याच बांधलेल्या बैठकीच्या पायऱ्या, दिव्यांचे चार खांब, पाण्याची टाकी, रुग्णवाहिकेला आत येण्याची वाट. एका आंतरराष्ट्रीय स्टेडियमच्या नुसत्या छपराच्या पैशात बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या कित्येक गावांची मैदानं अशी नीट होतील.

खरा धोका आहे तो जमिनीला. मैदान भरतं ते भात निघालेल्या मोकळ्या शेतात, आणि ती शेतंच आटत चालली आहेत. हलगा-मच्छे बायपासनं अनगोळ, वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवाराला चीर पाडली. शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध रस्त्यावर आणि कोर्टात लढा दिला. बायपासच्या दोन्ही अंगांना आता प्लॉट पडतील, लेआउट होतील. टिळकवाडीतलं लेले मैदान किंवा व्हॅक्सिन डेपोची मोकळी जागा यांवर सकाळी जी झुंबड दिसते, ती दक्षिण बेळगावात मोकळी जमीन किती थोडी उरली याचीच मोजदाद आहे. मोठ्या स्टेडियमची घोषणा झाली की तिच्यासाठी जागा शहराबाहेर, लांब, स्वस्तात शोधली जाते, आणि 'खेळाची सोय झाली' म्हणून उपनगरातली आरक्षणं उठवायला वाट मोकळी होते. घोषणा करणाऱ्याच्या मनात तसं नसलं तरी व्यवहारात तसंच घडतं.

म्हणून अनगोळची मागणी साधी आहे आणि ती पहिल्यांदा बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या, म्हणजे 'बुडा'च्या नकाशावर दिसायला हवी. बायपासलगतचे लेआउट मंजूर होण्याआधी अनगोळ, वडगाव आणि येळ्ळूरच्या हद्दीत पायी जाता येईल अशा अंतरावर खेळाच्या मैदानासाठी सलग जमीन आरक्षित व्हावी. तिथे कायमचा हौदा बांधावा, शेजारी तालमीला जागा द्यावी, आणि देखभाल गावच्या कुस्तीगीर संघटनांकडे लेखी करारानं सोपवावी. बैठकीच्या पायऱ्या पहिल्या वर्षी दोन हजार माणसांच्या कराव्यात. त्या सलग तीन हंगाम भरल्या तर पुढच्या रांगा बांधाव्यात, आणि त्या कुठल्या बाजूला बांधायच्या हे तोवर जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसांना विचारावं.